विंगेतली वही

हॅरल्ड पिंटर या इंग्रज नाटककाराच्या नाटकाला प्रॉम्प्टर व्हायला कुणी चटकन तयार होत नाही. आमच्या पश्चिम लंडनमधल्या हौशी नाट्यमंडळींनी ‘द केअरटेकर’ करायचं ठरवलं, तेव्हा तीन भूमिकांसाठी हॉलमध्ये चांगली गर्दी होती. भूमिका वाटून झाल्यावर दिग्दर्शिकेनं ‘पुस्तकावर कोण बसणार?’ असं विचारलं आणि सगळ्यांना एकदम कपबशा विसळायची आठवण झाली. मी हात वर केला. पेणला कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलं होतं. तिथं काम सरळ होतं. नट अडखळला की आपण पुढचं वाक्य फेकायचं, त्यानं ते झेलायचं, प्रयोग पुढं सरकायचा. इथं नट अडखळलाय की नाटककारानंच त्याला अडखळायला लावलंय, हे आधी ओळखायचं होतं.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पश्चिम लंडनमधल्या एका पडीक घरातली एक खोली. ॲस्टन नावाचा संथ, तुटक बोलणारा माणूस एका कॅफेतल्या मारामारीतून डेव्हिस नावाच्या बेघर म्हाताऱ्याला वाचवून रात्री घरी घेऊन येतो आणि झोपायला पलंग देतो. ॲस्टनचा धाकटा भाऊ मिक स्वतःला घराचा मालक म्हणवतो. दोघं भाऊ, वेगवेगळे, डेव्हिसला घराची राखण करायची नोकरी देऊ करतात. डेव्हिस कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं झुकतो, एकाचे कान दुसऱ्याविरुद्ध भरतो, आणि शेवटी गयावया करायची पाळी त्याच्यावरच येते. घडतं ते एवढंच. २७ एप्रिल १९६० ला आर्ट्स थिएटरमध्ये ते पहिल्यांदा झालं, डेव्हिसच्या भूमिकेत डोनाल्ड प्लेझन्स. पुढच्याच महिन्यात ते मोठ्या डचेस थिएटरमध्ये गेलं आणि चारशेहून जास्त प्रयोग झाले. त्याच्या दोनच वर्षं आधी पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’ हॅमरस्मिथला आठवड्याभरात गुंडाळावं लागलं होतं. म्हणजे या नाटकानं माणूस तरला.

आमच्या मंडळींनी हेच नाटक निवडण्याचं एक कारण अगदी स्थानिक होतं. पिंटर त्या काळात चिझिक हाय रोडवर बायको आणि लहान मुलाबरोबर भाड्यानं राहत होता. घराच्या मालकाचा भाऊ त्याच घरात राहत होता, आणि त्यानं एक बेघर म्हातारा आणून ठेवला होता. जाता-येता एकदा पिंटरला उघड्या दारातून दिसलं ते असं: म्हातारा एका पिशवीत काहीतरी शोधतोय आणि भाऊ त्याच्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघतोय. या एका दृश्यातून नाटक उभं राहिलं असं तो सांगत असे. माझी २३७ नंबरची बस त्याच रस्त्यानं जाते. खालच्या मजल्यांवर आता कॉफीची दुकानं आणि घरं विकणाऱ्या एजंटांची ऑफिसं आहेत, आणि तिथल्या एका खोलीच्या भाड्यात डेव्हिसनं वर्ष काढलं असतं.

हौशी संघाला इथं नाटक करायचं तर हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो. प्रयोग किती, खुर्च्या किती, तिकीट कितीचं, सगळं कळवायचं, पैसे भरायचे. परवान्यात एक अट ठळक असते: संहितेतला शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही. ही अट पुढं फार कामाला आली, ते सांगतेच.

तालमी सुरू होण्याआधी मला ‘बुक’ तयार करायचं होतं. आपल्याकडं मी पातळ पुस्तकावरूनच काम भागवलं होतं. इथल्या पद्धतीत संहितेचं प्रत्येक पान एका मोठ्या कागदावर चिकटवतात, समोर कोरा कागद, आणि सगळं एका जाड रिंगच्या फाइलमध्ये. छापील बाजूला शब्द, कोऱ्या बाजूला हालचाली. कोण कुठून उठला, पिशवी कुणाच्या हातात, बूट पलंगाच्या कोणत्या बाजूला. कडेच्या समासात प्रकाशाचे आणि आवाजाचे संकेत. सगळं पेन्सिलीनं, कारण दिग्दर्शिकेचं मत गुरुवारी एक आणि रविवारी दुसरं. ही वही म्हणजेच प्रयोग. मी आजारी पडले तर दुसऱ्या कुणीही ती उघडून नाटक चालवू शकलं पाहिजे.

पिंटरच्या संहितेत तीन तऱ्हेचे थांबे छापलेले असतात. नुसती तीन टिंबं, ‘पॉज’ आणि ‘सायलेन्स’. त्याची बरीच नाटकं बसवणारे दिग्दर्शक पीटर हॉल फक्त टिंबं आणि पॉज यांची वेगळी तालीम घेत. आमच्या दिग्दर्शिकेनंही घेतली. त्या संध्याकाळी नटांनी वाक्यं भरभर, भाव न ओतता म्हणायची आणि थांबे मात्र पुरेपूर घ्यायचे, असा नियम होता. टिंबं म्हणजे माणूस शब्द शोधतोय किंवा आलेला शब्द गिळतोय. पॉज म्हणजे बोलणं बंद पण डोक्यातलं चालू, बहुतेकदा दुसऱ्याला जोखणं. सायलेन्स त्याहून लांब, आणि त्यातून बाहेर पडणारा माणूस आत गेलेल्या माणसाहून थोडा वेगळा असायला हवा. ऐकायला हे सगळं पुस्तकी वाटतं. त्या संध्याकाळी तीन माणसं हॉलच्या थंडगार फरशीवर उभी राहून न बोलण्याचा सराव करत होती, मी पेन्सिल धरून बसले होते, आणि शेजारच्या खोलीत योगासनांचा वर्ग चालू होता. तिथली शिक्षिका सांगत होती श्वास सोडा, आणि आमचा डेव्हिस नेमका तेव्हाच सोडत होता.

मग यात विसरणं कसं ओळखायचं? हळूहळू मला खुणा सापडत गेल्या. पॉज घेणारा नट समोरच्या नटाला धरून असतो. नजर खाली असली तरी अंग समोरच्याकडं असतं. वाक्य हरवलेल्या नटाचा श्वास छातीत वर चढतो आणि हात एकदम स्थिर होतात, कारण हाताला काय करायचं ते वाक्यानंच सांगितलेलं असतं. आमचा ॲस्टन विसरला की त्याचा अंगठा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरून फिरायचा थांबे. मिक विसरला तर जास्तच ऐटीत उभा राही. डेव्हिसचं सोपं होतं, तो सरळ माझ्याकडं बघायचा. या खुणा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. नटांना दाखवल्या नाहीत. दाखवल्या असत्या तर त्यांनी त्या सुधारल्या असत्या आणि मी आंधळी झाले असते.

त्याहून अवघड प्रकरण म्हणजे डेव्हिसच्या बोलण्यातली चक्रं. त्याचे कागदपत्र सिडकपला कुणाकडं तरी ठेवलेत, हवा सुधारली की तो ते आणायला जाणार, पण त्याला धड बूट नाहीत. कागद, सिडकप, हवा, बूट. अंक कोणताही असो, म्हातारा फिरून तिथंच येतो. पाठांतराच्या दृष्टीनं हा सापळाच आहे. एका तालमीत डेव्हिस पहिल्या अंकातल्या सिडकपवरून तिसऱ्या अंकातल्या सिडकपवर गेला, ॲस्टननं त्याला तिसऱ्या अंकातलं उत्तर दिलं, आणि पानभर दोघं इतके बिनचूक बोलत राहिले की दिग्दर्शिकासुद्धा मान हलवत होती. मी थांबवलं तेव्हा तिघंही माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच आगाऊपणा केला. नंतर मी वहीत अशा सगळ्या जागांना लाल खूण केली आणि डेव्हिसला प्रत्येक सिडकपशी एक हालचाल जोडून दिली. इथं तू बुटाची नाडी बघतोस, इथं तुझा हात खिशात असतो. शरीराला पत्ता कळला की जिभेला कळतो, हे मला पेणच्या आमच्या दिग्दर्शकांनी शिकवलेलं. इंग्रजी नाटकातही ते चाललं.

सामानाची यादी पाहिली तेव्हा नेपथ्य सांभाळणारे आजोबा खूश झाले आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पिंटरनं खोलीचं वर्णन एखाद्या जप्तीच्या पंचनाम्यासारखं लिहिलंय. खिडकीला अर्धं पोतं, दोन लोखंडी पलंग, स्वयंपाकघरातलं सिंक, शिडी, कोळशाची बादली, गवत कापायचं यंत्र, ड्रॉवर, गुंडाळलेला गालिचा, कपडे वाळत घालायची घडीची चौकट, ब्लोलॅम्प, जुनी वर्तमानपत्रं, जुना टोस्टर, गॅसची शेगडी आणि शेगडीवर बुद्धाची मूर्ती. छताला टांगलेली बादली, कारण छप्पर गळतंय. लोकांनी आपापल्या गराजमधून वस्तू आणून टाकल्या. मंडळातल्या निम्म्या घरांची साफसफाई या नाटकानं झाली. विजेच्या प्रत्येक वस्तूची सुरक्षा-तपासणी करून चिठ्ठी लावल्याशिवाय हॉलवाले ती आत येऊ देत नाहीत, म्हणून टोस्टरची वायर आतून तोडूनच टाकली. मिक अंधारात डेव्हिसच्या अंगावर व्हॅक्यूम क्लीनर सोडतो तो प्रसंग आहे. तो यंत्राचा आवाज शेवटी स्पीकरमधून आला.

टोस्टरच्या प्लगला मात्र माझा हातभार लागला. ॲस्टन नाटकभर एक प्लग दुरुस्त करत असतो आणि तो कधीच दुरुस्त होत नाही. आजचा ब्रिटिश प्लग चौकोनी पिनांचा. तो दुसऱ्या महायुद्धानंतर आला आणि जुन्या घरांतून गोल पिना जायला बरीच वर्षं लागली. १९५९-६० मधल्या पडीक घरात गोल पिनाच हव्यात, असं आजोबांचं म्हणणं, आणि तसा प्लग कुठं मिळेना. मी घरी गेले, भारतातून आणलेल्या मिक्सरचा पाच अँपियरचा प्लग काढला आणि घेऊन आले. आपले गोल पिनांचे प्लग ब्रिटिशांच्या त्याच जुन्या मापाचे वंशज आहेत. प्रकाशयोजनेचा पोरगा तो बघून म्हणाला, अरे, हा तर आमच्या प्लगचा धाकटा भाऊ. खरंच, इथल्या नाट्यगृहांत दिव्यांसाठी अजून पंधरा अँपियरचे गोल पिनांचे प्लग वापरतात. माझा मिक्सर दोन महिने बंद होता. चटणी खलबत्त्यात कुटली.

बुद्धाच्या मूर्तीचा प्रश्न एवढ्यात सुटणारा नव्हता. तिसऱ्या अंकात मिक ती मूर्ती उचलून शेगडीवर फेकतो आणि ती फुटते. म्हणजे दर प्रयोगाला नवी मूर्ती, शिवाय तालमीसाठी काही. दुकानात मिळतात त्या राळेच्या मूर्ती फुटत नाहीत, टप्पे खातात. चिनीमातीच्या महाग, आणि त्यांचे तुकडे पहिल्या रांगेपर्यंत उडतात. मी म्हटलं, मी करते. माझं माहेर पेणचं. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत मी वाढले. साचा कसा घेतात, प्लास्टर किती पातळ कालवतात, साच्यात फिरवून आतून पोकळ कसं ठेवतात हे शाळेच्या सुट्टीत बघून बघून हाताला माहीत होतं.

पण करायच्या आधी मी एका मैत्रिणीला फोन केला. ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, बौद्ध, आता इथं हॉस्पिटलमध्ये काम करते आणि दर १४ एप्रिलला प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरी जाते, जिथं बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहत होते आणि जे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. मी तिला सगळं सांगितलं. मूर्ती फुटणार, मी ती बनवणार, काय वाटतं? तिनं बरेच प्रश्न विचारले. घरात मूर्ती कशी आली? ॲस्टनला दुकानात दिसली, आवडली, म्हणून घेतली. कुणी तिला हात जोडतं का? नाही. फेकणारा का फेकतो? घराची कटकट नको झालीय म्हणून. ती म्हणाली, ‘मग तो शोपीस आहे गं. १९५६ साली नागपुरात एवढे लाखो लोक उभे राहिले, आणि त्याच्या तीन-चार वर्षांनी लंडनमध्ये बुद्ध कुठं असतो तर भंगारात, शेगडीवर. हे असंच दाखवायला हवं. फक्त तू करणार असशील तर चेहरा नीट कर. घाईघाईचा चेहरा करू नकोस.’

मी चेहरा नीट केला. पहिल्या मूर्ती जाड झाल्या आणि ठप्प असा आवाज करून दोन तुकडे झाले, जसं काही कुणी पाव मोडला. प्लास्टर ओलं असेल तर ती फुटत नाही, चेचते. ब्रिटनमधल्या दमट हवेत प्लास्टर वाळायला पेणपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. शेवटी बॉयलरच्या कपाटात टॉवेलांच्या शेजारी मूर्ती रांगेनं ठेवल्या. भिंत नखाएवढी पातळ केली आणि पाठीच्या आतल्या बाजूनं पातीनं रेघा ओढल्या, म्हणजे तडा तिथून जाईल. मिकनं ती खाली, शेगडीच्या पायाकडं फेकायची असं ठरलं, वरच्या काठावर नाही. आवाज कसा यावा यावर दिग्दर्शिका आणि मिक यांच्यात वाद झाला, तो मी त्यांच्यावरच सोडला. पण एक गोष्ट मी ठरवून घेतली. त्यानंतर मध्यंतर नसल्यानं तुकडे नाटक संपेपर्यंत तिथंच राहतात. प्रयोगानंतर ते झाडूनं चहाच्या पिशव्यांबरोबर कचऱ्यात जाणार नाहीत. मी ते वेगळ्या खोक्यात गोळा करत असे. कुणी कारण विचारलं नाही. इंग्रजांचा हा गुण मला आवडतो.

आता परवान्याच्या त्या अटीकडं येते.

पहिल्या अंकात डेव्हिस विचारतो की शेजारच्या घरात कोण राहतं. ॲस्टन सांगतो, भारतीय. एक भारतीय कुटुंब. डेव्हिस लगेच: काळे? ॲस्टन म्हणतो, माझ्या फारसे दृष्टीस पडत नाहीत. पुढं डेव्हिसला काळजी, की संडास त्यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागणार का. त्याच्या तोंडी ग्रीक, पोलिश, काळे सगळ्यांचा उद्धार आहे, कारण याच लोकांनी त्याची कॅफेतली जागा बळकावली असं त्याचं म्हणणं. लंडनमधल्याच नॉटिंग हिलच्या १९५८ च्या वांशिक दंगली होऊन दोन वर्षं व्हायच्या आत हे रंगमंचावर आलं, हे विसरून चालत नाही. पहिल्याच वाचनात ती वाक्यं आली आणि टेबलाभोवती सगळ्यांनी आपापल्या पानांत डोकं घातलं. खोलीत गोरी नसलेली मी एकटीच. वाचन संपल्यावर मंडळातल्या एका बाईंनी हळूच सुचवलं की ही दोन-तीन वाक्यं काढली तर नाटकाचं काही बिघडणार नाही. मग दिग्दर्शिका, चांगली बाई आहे ती, सगळ्यांसमोर मला म्हणाली, ‘तुला काय वाटतं?’

असा प्रश्न असा विचारू नये. पण विचारला होता. मी आधी परवान्याची अट दाखवली, म्हणजे प्रश्न माझ्या भावनांवरून कागदावर आला. मग म्हटलं की मला ती वाक्यं हवीत. माझं मत का तसं होतं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, तालमी बघता बघता उमगत गेलं. पहिल्या रात्रीनंतर ॲस्टन सकाळी डेव्हिसला म्हणतो की तू झोपेत बडबडत होतास, मला झोप लागली नाही. डेव्हिसला हे मान्यच नाही. तो विचार करतो आणि तोडगा काढतो: आवाज त्या काळ्यांचा असेल, भिंतीतून येत असेल. स्वतःच्या घशातला आवाज तो शेजारच्या घरात ढकलून देतो. ज्याला छप्पर नाही, कागद नाहीत, जो स्वतःचं नावही दोन सांगतो, त्याला आपल्याखाली कुणीतरी लागतंच, आणि कुणी न सापडल्यास भिंतीपलीकडचं कुटुंब आहेच. एवढ्या कमी शब्दांत हे कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. ते वाक्य काढलं असतं तर नाटकातला सगळ्यात नेमका आरोप गेला असता, आणि तो आरोप माझ्यावर नव्हताच, डेव्हिसवर होता.

मी फक्त एक विनंती केली. डेव्हिसनं ही वाक्यं हशा मिळवायला टाकू नयेत. आमचा डेव्हिस निवृत्त शिक्षक, मनानं अगदी मऊ, आणि त्यामुळंच सुरुवातीला ती वाक्यं तो डोळा मारल्यासारखी म्हणायचा. बघा हं, हा मी नाही, हा डेव्हिस आहे. त्यानं ती मनापासून, काळजीनं म्हटली तेव्हाच ती भयंकर झाली, आणि विनोदीही. १९८१ मध्ये नॅशनल थिएटरनं हेच नाटक संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचात केलं होतं, नॉर्मन बीटन डेव्हिस होता. दिग्दर्शिकेनं ते नटांना सांगितलं आणि विचारलं की मग त्या वाक्यांचं काय होत असेल? तिघंही बराच वेळ गप्प बसले. यावेळी तो पॉज संहितेत नव्हता.

ध्वनी सांभाळणाऱ्या उत्साही माणसाला एक कल्पना सुचली. शेजारच्या घरातून बारीक सतार ऐकू येऊ दे. भारतीय म्हटलं की सतार. मी म्हटलं, १९६० मध्ये चिझिकला राहणारं कुटुंब संध्याकाळी कपडे इस्त्री करत असेल, सतार कशाला वाजवेल? शिवाय शेजारून खरंच आवाज आला तर डेव्हिस खरा ठरतो. हा दुसरा मुद्दा सगळ्यांना पटला. सतार गेली.

तांत्रिक तालमीचा दिवस लांबला, तसा तो लांबतोच. बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज मी घरी टीनच्या बादलीत पाणी सोडून रेकॉर्ड केला होता, पण तो हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून आला की प्रेक्षक वर बघायचे सोडून समोर बघणार. म्हणून बादलीच्या वर एक छोटा स्पीकर लपवला. दुसऱ्या अंकात पिशवीच्या ओढाताणीआधी शांततेत एक थेंब पडतो आणि तिघं एकदम वर बघतात. तो थेंब अर्धा क्षण उशिरा पडला तर सगळं बिघडतं. त्याची आज्ञा माझ्याकडं होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ॲस्टन आपल्याला हॉस्पिटलमध्ये दिलेल्या विजेच्या झटक्यांबद्दल सांगतो, आणि त्या लांब स्वगतात खोली इतकी सावकाश अंधारत जायला हवी की कुणाला कळू नये, फक्त तो उजेडात उरावा, असं पिंटरनं स्वतः लिहून ठेवलंय. त्यासाठी दिव्याचा एकच संकेत, पण कित्येक मिनिटं चालणारा. प्रकाशवाला पोरगा बोटं घट्ट मिटून बसायचा, मध्येच हात लावायचा मोह होऊ नये म्हणून.

आपल्याकडं तिसरी घंटा झाली की पडदा. इथं पडद्याच्या पस्तीस मिनिटं आधी ‘हाफ’ पुकारतात, म्हणजे अर्ध्या तासाची हाक, जी प्रत्यक्षात अर्ध्या तासाची नसते. नंतर दोन हाका, आणि शेवटी पाच मिनिटं आधी ‘बिगिनर्स’. ही पुकार माझं काम. तिन्ही नट त्या वेळेला मला जरा घाबरून असत आणि मला ते आवडत असे.

प्रयोगांमध्ये मला फक्त एकदाच तोंड उघडावं लागलं. डेव्हिस बुटांपाशी अडला, माझ्याकडं बघितलं, मी दोन शब्द स्पष्ट सांगितले. कुजबुजायचं नसतं, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. शेजारच्या भारतीयांच्या वाक्याला पहिल्या रात्री हशा आला, मोकळा, जरा जास्तच मोकळा. दुसऱ्या रात्री कुणी हललं नाही. शनिवारी महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या काहीजणी आल्या होत्या, आणि ‘काळे?’ या प्रश्नावर त्यांच्यापैकी एक इतक्या मोठ्यानं हसली की तिच्या आजूबाजूच्या इंग्रजांना आता हसावं की नाही ते कळेना. माझ्या कानाला तोच हशा योग्य वाटला. नंतर बारमध्ये एक वृद्ध बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की ते ऐकताना तुम्हाला फार वाईट वाटलं असेल, मला क्षमा करा. मी म्हटलं, बाई, मी फक्त पुस्तक धरून बसते. त्यांचं समाधान झालं नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री रंगमंच रिकामा करावा लागतो, रविवारी सकाळी हॉलमध्ये लहान मुलांचा वाढदिवस. सिंक, पोतं, वर्तमानपत्रं बाहेरच्या कचरापेटीत गेली. गवत कापायच्या यंत्राचा मालक ते परत न्यायला आलाच नाही. पलंग मोडताना आमच्या डेव्हिसनं मला विचारलं, त्या शेजारच्या भारतीय कुटुंबाला या तिघांबद्दल काय वाटत असेल, तू कधी विचार केलास?

‘घरमालकाकडं तक्रार केली असणार,’ मी म्हटलं. ‘रात्रभर कुणीतरी बडबडतंय म्हणून.’

मग त्यानं पलंगाचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दारातून ते तिरकं कसं काढायचं यावर आमचं बराच वेळ एकमत होईना.